कर्ज फिटलं, मग सिबिल का अडतंय?

प्रश्न : सा. न. वि. वि. आमचे स्वतःचे आठ माग होते, खर्चीवर चालवत होतो, म्हणजे व्यापाऱ्याचं सूत मजुरीवर विणून देत होतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये व्यापाऱ्याची सुताची बिमं यायची थांबली आणि मजुरीही थांबली. मिस्टरांनी त्याआधी 3 लाखांचं पर्सनल लोन घेतलं होतं, शिवाय क्रेडिट कार्डाची बाकी होती. हप्ते तुंबत गेले. 2022 मध्ये माग विकले आणि बँकांमध्ये जाऊन बसलो. पर्सनल लोनचा हप्ता कमी करून मुदत वाढवून घेतली आणि ते पूर्ण फेडलं. कार्डाची बाकी वाढत 1,42,000 झाली होती, ती तडजोडीत 60,000 वर तुटली. ते पैसेही सहा हप्त्यांत भरले. मागच्या दिवाळीच्या आधी सगळं संपलं. आता मिस्टर दुसऱ्याच्या शेडमध्ये जॉबर आहेत, म्हणजे माग दुरुस्त करतात, मी गारमेंटमध्ये जाते. 15 लाखांचा फ्लॅट बघितला, 12 लाखांचं लोन मागितलं, तर सिबिल 618 आहे म्हणून अर्ज परत आला. एक एजंट म्हणतो, 15,000 द्या, महिन्यात सिबिल क्लिअर करून देतो. कार्डवाल्या बँकेतला माणूस म्हणतो, राहिलेले 82,000 भरा. सगळं फेडूनही आम्ही थकबाकीदारच का? रिपोर्टची प्रत जोडली आहे.
– एक वाचिका, इचलकरंजी

उत्तर : ताई, आधी एजंटला नाही म्हणून कळवा, मग पुढचं वाचा. तो तुमचं पॅन, आधार आणि ओटीपी घेऊन सिबिलच्या, म्हणजे कर्जफेडीच्या नोंदी ठेवणाऱ्या कंपनीच्या, संकेतस्थळावर एक तक्रार टाकणार. ती तक्रार तुम्ही स्वतः फुकट टाकू शकता. खरी नोंद पुसायचा अधिकार त्याला नाही, सिबिललाही नाही. नोंद बँक पाठवते आणि बदलायची तर बँकच बदलते.

आता तुम्ही जोडलेला मिस्टरांचा रिपोर्ट. माझी बरीच नोकरी वसुली विभागात गेली, त्यामुळे हे कागद वाचायची सवय आहे. स्कोअर मी सगळ्यात शेवटी बघतो. तो 300 ते 900 मधला एक आकडा असतो आणि आतल्या नोंदी सुधारल्या की आपोआप हलतो. आकड्याशी भांडून उपयोग नाही, नोंदींशी भांडायचं. तुमच्या रिपोर्टात त्रास देणाऱ्या नोंदी तीन प्रकारच्या आहेत आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा आहे. बँकेत तुम्हाला हे कुणी उलगडून सांगितलं नाही, याचं मला नवल वाटत नाही. काउंटरवरच्या पोराला स्क्रीनवर फक्त 618 दिसतं.

पहिली नोंद चुकीची आहे. पर्सनल लोनच्या खात्यात 'चालू बाकी 4,212' असं छापलंय आणि खातं अजून उघडं दिसतंय. त्याच चौकटीत माहिती कळवल्याची तारीख बघा. ती तुमच्या शेवटच्या हप्त्याच्या आधीची आहे. म्हणजे शेवटचा हप्ता जमा झाला, पण खातं बंद झाल्याची नोंद पुढे गेलीच नाही. 1 जानेवारी 2025 पासून बँकांना किमान दर पंधरा दिवसांनी माहिती पाठवावी लागते, त्यामुळे 'अपडेट व्हायला वेळ लागतो' हे कारण इतक्या महिन्यांनी चालणार नाही. दुसरी शक्यता अशी की, खरोखरच काही दंड किंवा चार्ज खात्यावर लटकलाय आणि खातं त्यांच्या सिस्टिममध्ये बंदच झालेलं नाही. पत्रात तुम्ही 'पूर्ण फेडलं' म्हणता, पण ना-थकबाकी दाखल्याचा उल्लेख नाही. दाखला घेतलाय का? नसेल तर उद्याच शाखेत जा आणि खातेउतारा व दाखला दोन्ही मागा. 4,212 खरंच निघत असतील, तर ते कशाचे ते लेखी घ्या, पटलं तर भरून टाका आणि दाखला घेऊनच बाहेर पडा.

दाखला हातात आला की बँकेला असं पत्र द्या : 'माझे कर्ज खाते क्र. अमुक, दिनांक अमुक रोजी पूर्ण फेडले आहे. ना-थकबाकी दाखल्याची प्रत जोडली आहे. माझ्या क्रेडिट रिपोर्टमध्ये या खात्यावर रु. 4,212 बाकी दिसते. ही नोंद चारही क्रेडिट माहिती कंपन्यांकडे दुरुस्त करून तसे मला लेखी कळवावे.' कर्ज मिस्टरांच्या नावावर आहे, तेव्हा सही त्यांचीच घ्या. पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि घेणाऱ्याची सही हवी. 'ठेवून जा, साहेब आले की देतो' यावर पत्र ठेवायचं नाही. 'चारही' हा शब्द मुद्दाम घातलाय. आपण सरसकट सिबिल म्हणतो, पण ट्रान्सयुनियन सिबिलशिवाय एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क याही कंपन्या आहेत. उद्या एखादी हाउसिंग फायनान्स कंपनी यांतल्या दुसऱ्याच कुणाचा रिपोर्ट काढेल आणि तिथे 4,212 तसेच असतील.

पत्र दिलं त्याच दिवशी सिबिलच्या संकेतस्थळावर मिस्टरांच्या नावाने लॉगिन करून त्या खात्यावर तक्रारही टाका. तक्रार क्रमांक वहीत लिहून ठेवा, कारण इथे कायदा तुमच्या बाजूने आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2023 च्या आदेशानुसार तक्रार केल्यापासून 30 दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. त्यातले पहिले 21 दिवस बँकेचे. बँकेने त्या मुदतीत दुरुस्त माहिती पाठवली नाही तर भरपाई बँकेने द्यायची. बँकेने वेळेत पाठवूनही क्रेडिट माहिती कंपनीने उशीर केला, तर कंपनीने. तक्रार फेटाळली तरी कारण सांगावंच लागतं. पण 'माझा स्कोअर इतका कमी का काढला' अशा तक्रारीला ही भरपाई लागू नाही, म्हणून तक्रारीत स्कोअरचं नाव काढू नका, फक्त 4,212 बद्दल लिहा. एवढं करूनही हालचाल झाली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते. तिलाही फी नाही. माहितीसाठी 14448 हा क्रमांक आहे. मात्र आधी बँकेला लेखी तक्रार केल्याचा पुरावा लागतो आणि तो म्हणजे तीच शिक्क्याची प्रत.

दुसरी नोंद खरी आहे आणि ती राहणार. रिपोर्टात प्रत्येक खात्याखाली छोट्या चौकोनांची पट्टी असते, एक चौकोन एका महिन्याचा. त्यात हप्ता किती दिवस थकला ते लिहितात. 000 म्हणजे वेळेवर. तुमच्या कार्डाच्या पट्टीत 030, मग 061, मग 091 असं चढत गेलंय. पर्सनल लोनच्या पट्टीवर हप्ता बदलून घेतल्याचा, म्हणजे रिस्ट्रक्चर्ड असा शेराही आहे. त्याखालचे पुढचे चौकोन मात्र एकसारखे 000 आहेत. उत्पन्न अर्ध्यावर आलेलं असताना बदललेला हप्ता एकदाही चुकला नाही, हे वाचणाऱ्याला त्यातून कळतं, निदान जो वाचतो त्याला. जुनी थकबाकी जितकी मागे पडते, तितका तिचा भार कमी होतो. यासाठी अर्ज नाही, तक्रार नाही. खरी नोंद 'चुकीची आहे' म्हणून पुन्हा पुन्हा तक्रारी टाकू नका. त्या फेटाळल्या जातात आणि खऱ्या तक्रारीकडेही मग कुणी नीट बघत नाही.

तिसरी नोंद कार्डाची : 'सेटल्ड', खाली सोडून दिलेली रक्कम 82,000. तुमचा राग इथे आहे आणि तो मला समजतो. बँकेनेच 60,000 वर मान्य केलं, तुम्ही ते वेळेवर भरलं, मग डाग कसला? बँकेच्या वहीत त्याचा अर्थ असा की, येणं 1,42,000 होतं आणि 82,000 बुडाले. पुढचा कर्ज देणारा तेवढंच वाचतो. तडजोडीच्या पत्रावर सही घेताना ही गोष्ट ठळक अक्षरांत सांगायला हवी, असं माझं नोकरीत असल्यापासूनचं मत आहे. वसुलीवाल्याला महिनाअखेरचा आकडा दिसत असतो, तो कशाला सांगेल? त्यात भर म्हणजे तडजोड केलेल्या माणसाला त्याच बँकेने किमान 12 महिने नवं कर्ज द्यायचं नाही असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेतीकर्जाला ही 12 महिन्यांची अट नाही. बाकीच्या बँकांवर तशी बंदी नाही, पण 'सेटल्ड' दिसलं की बहुतेक जण फाईल बाजूला ठेवतात. क्रेडिट माहिती कंपन्यांना नोंदी किमान सात वर्षं जपाव्या लागतात, म्हणजे लवकर आपोआप निघून जाईल अशी आशा नको.

मग 82,000 भरायचे का? माझं मत असं : पुढच्या दोन-तीन वर्षांत घर घ्यायचंच असेल तर भरा, पण आज नाही, आणि तोंडी बोलण्यावर तर नाहीच.

भरण्याआधी बँकेकडून दोन गोष्टी लेखी घ्या. एक, त्या 1,42,000 ची फोड : मुद्दल किती, व्याज किती, लेट फी आणि दंड किती. कार्डावर दंडाचा वाटा मोठा असतो. फोड हातात असली की 'दंड आणि लेट फी मागे घ्या, उरलेलं भरतो, पण खातं पूर्ण भरणा म्हणून बंद दाखवा' असं म्हणता येतं. मान्य करणं बँकेच्या मर्जीवर आहे, पण शाखेऐवजी नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे बँकेत तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, लिहिलेल्या पत्रावर कधी कधी मान्य होतं. दोन, पैसे भरल्यावर खात्याची स्थिती 'सेटल्ड' ऐवजी 'क्लोज्ड' म्हणून चारही कंपन्यांना किती दिवसांत कळवणार, हे त्यांच्या लेटरहेडवर. 'भरा, होईल' हे उत्तर धरू नका. आणखी एक विचारून घ्या : खातं अजून त्याच बँकेकडे आहे ना? थकलेली कर्जं बँका मालमत्ता पुनर्रचना कंपन्यांना विकतात. विकलं असेल, तर पैसे आणि पत्र दोन्ही त्या कंपनीशी. बँकेत भरलेले 82,000 मग नुसते फिरत राहतील.

एवढी रक्कम का भरायची याचा हिशेबही मांडतो. समजा, डाग असताना एखादी कंपनी साडेदहा टक्क्यांनी कर्ज द्यायला तयार झाली आणि डाग गेल्यावर बँक साडेआठने देते. 12 लाखांना 20 वर्षांसाठी हप्ता पहिल्या दराने सुमारे 11,980 आणि दुसऱ्याने सुमारे 10,415. महिन्याला दीड हजाराहून जास्त फरक. म्हणजे 82,000 साधारण साडेचार वर्षांत वसूल होतात आणि पुढची पंधरा वर्षं फायदाच. पण हे पैसे घराच्या बाजूला ठेवलेल्या पैशांतून काढलेत, तर पदरचे 3 लाख आणि मुद्रांक शुल्क कुठून आणणार? दागिने ठेवून किंवा भिशी उचलून हे 82,000 भरायचे नाहीत, एवढं मात्र ऐका. त्यापेक्षा घर वर्षभर पुढे ढकललेलं परवडेल.

बिल्डर विसार मागत असेल तर हात आखडता घ्या. द्यावाच लागला, तर 'कर्ज मंजूर न झाल्यास विसार पूर्ण परत' असं कागदावर लिहून घ्या. आणि एका बँकेने नाही म्हटलं म्हणून चार ठिकाणी अर्ज टाकू नका. तुमच्या रिपोर्टाच्या शेवटच्या पानावर एकाच महिन्यात चार चौकश्या आहेत : ही बँक, दोन फायनान्स कंपन्या आणि एक ॲप. पाचवा माणूस ते पान बघतो आणि चौघांनी नाकारलं असं समजतो.

मधल्या काळात नवी चांगली नोंद तयार व्हायला हवी. कारण आत्ता मिस्टरांच्या नावावर चालू असं काहीच नाही. त्यांच्या नावाने 20-25 हजारांची एफडी करून त्यावर मिळणारं कार्ड घ्या, ते बहुतेक बँका स्कोअर न बघता देतात. त्यावर महिन्याला एकच खर्च टाका. महावितरणचं बिल असेल तर उत्तम, कारण ते दर महिन्याला येतंच. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहा, आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं होईल अशी सूचना बँकेला देऊन ठेवा. 'किमान देय' नावाच्या आकड्याकडे बघायचंही नाही, तुमचे 1,42,000 तिथूनच वाढले असणार. स्कोअरसाठी म्हणून मुद्दाम सोनेतारण किंवा मोबाइलवर हप्ता घ्या असा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो. मला तो पटत नाही, विनाकारण व्याज कशाला भरायचं? आणि पतसंस्थेत तुमचे हप्ते चोख असतील, पण बहुतेक पतसंस्थांचे व्यवहार या रिपोर्टांपर्यंत जातच नाहीत. त्या चोखपणाचा इथे उपयोग नाही.

शेवटचं, आणि याचा तुमच्या पत्रात उल्लेखही नाही. तुमचा स्वतःचा रिपोर्ट काढलात का? गारमेंटमध्ये पगार बँकेत येत असेल. बचत गटातून किंवा मायक्रोफायनान्समधून कर्ज घेऊन फेडलं असेल, तर ते रिपोर्टात येण्याची शक्यता आहे, आणि मायक्रोफायनान्ससाठी क्रिफ हाय मार्कचा रिपोर्ट आधी बघावा. तुमची नोंद स्वच्छ निघाली तर मुख्य अर्जदार तुम्ही व्हा. तुमच्या एकट्या पगारावर 12 लाख मिळणार नाहीत, पण लहान घराचं, 5-6 लाखांचं कर्ज तुमच्या एकटीच्या नावावर बसू शकतं. मिस्टर सहअर्जदार झाले की त्यांचा रिपोर्टही बघितला जाणार, हे लक्षात ठेवून ठरवा. घर फक्त स्त्रीच्या नावावर घेतलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे, ती वेगळीच.

प्रश्न : भाच्याच्या ट्रॅक्टरच्या कर्जाला मी जामीन होतो. त्याने फायनान्स कंपनीशी सेटलमेंट केली. आता मुलीच्या शैक्षणिक कर्जात माझं सिबिल आडवं येतंय. मी तर एक रुपयाही घेतला नव्हता.
– निवृत्त शिक्षक, कराड

उत्तर : सर, रुपया घेतला नाही, पण सही केली. 1872 च्या करार कायद्याच्या कलम 128 प्रमाणे जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, म्हणून ते खातं तुमच्याही रिपोर्टात 'जामीनदार' म्हणून दिसतं. भाच्याकडून सेटलमेंटचं पत्र मागवा आणि त्यात जामीनदाराला मुक्त केल्याचं वाक्य आहे का ते बघा. नसेल तर कंपनीकडे तसं स्वतंत्र पत्र मागा. पत्र असूनही रिपोर्टात बाकी दिसत असेल, तर वर इचलकरंजीच्या ताईंना सांगितलेला 30 दिवसांचा मार्ग तुम्हालाही आहे. उरलेली रक्कम तुम्ही भरलीत, तर ती भाच्याकडून वसूल करायचा हक्क कायद्याने तुम्हाला मिळतो. भाऊबीजेच्या आधी तो वापरायचा की नंतर, हे मी कसं सांगणार? शैक्षणिक कर्जात सहअर्जदार म्हणून मुलीच्या आईचं नाव घालता येईल का, हेही बँकेला विचारा.

प्रश्न : मी दर आठवड्याला ॲपवर स्कोअर बघतो. मित्र म्हणतो, बघितल्याने कमी होतो. खरं का?
– वाचक, नाशिक

उत्तर : नाही. स्वतः बघितल्याने कमी होत नाही, कर्जासाठी अर्ज केल्यावर बँकेने बघितलं तर त्या चौकशीची नोंद होते. पण आठवड्याला बघण्यासारखं त्यात काही नसतं, आणि फुकट स्कोअर दाखवणारी बरीच ॲप तुम्हाला कर्ज विकायला बसलेली असतात. चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यावा लागतो. दर तीन महिन्यांनी एकेकाचा काढा, वर्षभराची पाहणी होते.

प्रश्न : घरकर्ज मुदतीआधी पूर्ण फेडलं. बँक म्हणते, मूळ कागद मुख्यालयात आहेत, येतील तेव्हा देऊ. दोन महिने झाले.
– वाचक, लातूर

उत्तर : 'येतील तेव्हा' चालत नाही. 1 डिसेंबर 2023 पासूनचा नियम आहे की, कर्ज पूर्ण फिटल्यावर 30 दिवसांत मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजाही काढायचा. उशीर बँकेमुळे झाला असेल तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई. कागद गहाळ किंवा खराब झाले असतील, तर नकला काढून देण्यात बँकेने मदत करायची आणि खर्चही सोसायचा, त्यासाठी तिला आणखी 30 दिवस मिळतात. उशिराचं कारण लेखी मागा, मागितलं की मुख्यालयातले कागद लवकर सापडतात. कागद हातात आले की बँकेचा बोजा कमी करण्याचा दाखला घेऊन, सातबारा असेल तर तलाठ्याकडे आणि मिळकत पत्रिका असेल तर नगर भूमापन कार्यालयात अर्ज द्या, आणि नोंद कमी झालेला नवा उतारा काढून घ्या.